एक्केचाळिसावं जेवण

हे जे मी आता सांगणार आहे, त्यावर या सोलापुरात आजवर एकाही माणसानं विश्वास ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही. नका ठेवू. मी सिद्राम आचारी, आणि माझ्यावर विश्वास ठेवून कुणाचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. अकलूजच्या एका लग्नात मी एकट्यानं, एका दुपारी, तीन हजार भाकऱ्या थापल्या होत्या...

"मागच्या वेळी दोन हजार होत्या," ईश्वरी म्हणाली.

दोन हजार ज्वारीच्या, हजार बाजरीच्या. ही पोरगी मला मधेमधे तोडणार, तेव्हा तिची ओळख आधीच करून देतो. होटगी रस्त्यावरच्या आमच्या भूक संशोधन केंद्रात वीस-पंचवीस वर्षांची पोरं वजन उतरवायला तीन-तीन महिने राहायला येतात. त्यातली ही सध्याची सगळ्यात तिखट. मंगळवारी सकाळी सहा जणांना मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसवलं होतं, कारण हात गुंतलेले असले की माणूस नीट ऐकतो. आणि ऐकवायचं होतं ते मुख्यतः हिलाच. चार दिवस ही आपली भाकरी हळूच शेजारच्याच्या ताटात सरकवत होती आणि वजनाच्या आधी तांब्याभर पाणी पीत होती. डॉक्टरांना दिसलं नव्हतं. मला दिसलं. ताटात काय गेलं आणि ताटातून काय गेलं, हे बघण्यातच माझा जन्म गेला.

"म्हणजे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य आहे," ईश्वरी म्हणाली. "सिद्राममामा, मी मेथीच निवडते."

तात्पर्य नाही बाई. माझ्या बहिणीची गोष्ट आहे. आणि तिच्या पोराची.

मी या केंद्रात आलो तेव्हा इथं सहा खोल्या आणि एक डॉक्टर होती. डॉक्टर होनराव, मृण्मयी होनराव. तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती, पण चष्म्यावरून अशी बघायची की मी मीठ टाकताना हात आखडायचो. जन्मभर पसाभर आणि चिमूटभर या हिशेबानं रांधलेला माणूस मी, आणि इथं ज्वारीचं पीठसुद्धा ग्रॅमवर. पहिल्या दिवशी मी तिला म्हणालो, "ताई, माझा हातच तराजू आहे." तिनं माझी मूठ तराजूवर रिकामी केली. बेचाळीस ग्रॅम. दुसरी मूठ एकसष्ट. त्यानंतर मी तोंड मिटून तराजू वापरायला लागलो.

तिचं म्हणणं साधं होतं. आपलं पोट भरतं ते आपल्याला उशिरा कळतं. मेंदूपासून एक लांब नस गळ्यातून, छातीतून उतरत पोटापर्यंत जाते. व्हेगस म्हणतात तिला. जठर ताणलं, आतड्यात अन्न उतरलं, की ती नस वर निरोप धाडते: बास. पण तो निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि तुमची पिढी जेवते सात मिनिटांत. खिडकीशी उडतं पार्सल येतं, समोर पडदा चालू, हात आपोआप तोंडाशी. निरोप पोचेपर्यंत दोन माणसांचं जेवण पोटात गेलेलं असतं.

"यावरचा उपाय सगळ्या जगाला ठाऊक आहे," डॉक्टर म्हणायची. "सावकाश जेवा, चावून जेवा, अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर घ्या, पडदा बंद ठेवा, वेळेवर झोपा. आठवड्याला अर्धा किलो उतरला की पुष्कळ. पण सांगून कोण ऐकतं?"

म्हणून तिनं टिकली शोधून काढली. खरोखरच टिकलीएवढी, त्वचेच्या रंगाची. त्याच लांब नसेची एक बारीक फांदी कानात येते, तिथं कानाच्या खळग्यात ही चिकटवायची. तीत कुणा दुसऱ्या माणसाची तृप्ती भरलेली असायची. ज्याला पोट भरल्याचं वेळेवर कळतं, बरोबर तिथं हात थांबतो, अशा माणसाच्या गळ्याशी पट्टी लावून त्याची नव्वद जेवणं टिपायची. कुठल्या घासाला नस काय बोलते ते यंत्र शिकून घेणार. मग तुम्ही जेवायला बसलात की टिकली तुमच्या चावण्याचा आवाज ऐकते आणि त्या माणसाचं 'बास' तुमच्या नसेत वाजवते. वीस मिनिटांची वाट बघायला नको.

"म्हणजे दुसऱ्याचा ढेकर आपण द्यायचा," ईश्वरीच्या शेजारचा पोरगा म्हणाला.

तसंच काहीसं. फक्त नीट जेवणारी माणसं मिळेनात. डॉक्टरनं गावभर शोधली. कुणी दिसायला सडपातळ, पण चोरून खाणारा. कुणी खात नाही म्हणतो आणि चहाबरोबर पुडाभर बिस्किटं. एक दिवस ती वैतागून माझ्या चुलीशी बसली, आणि मी... मला फुशारकी मारायची खोड आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे... मी म्हणालो, "माझ्या बहिणीला बघा. महादेवी नाव. बासष्टची झाली. अर्धी भाकरी, पळीभर भाजी, ताक. लग्नात होती तेवढीच आजही आहे. समोर हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, परात ठेवा, वाटीभर घेणार आणि हात धुणार. चाळीस वर्षांत तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मी बघितलेलं नाही."

हे मी अभिमानानं बोललो.

अक्का आली. मोठ्या घरात दिलेली, चार दीर, सासू, सासरे, गडीमाणसं. त्यातले बरेचसे आता उरले नव्हते, मेहुणेही गेले होते, पण तिच्या सवयी भरल्या घराच्याच होत्या. गळ्याला पट्टी लावून डॉक्टरनं तिच्यापुढं ताट ठेवलं. अक्का हात लावीना.

"आधी यांचं होऊ दे की," ती म्हणाली.

"कुणाचं, आजी?"

"हे सगळे बसलेत नव्हं."

डॉक्टर हसली. मला म्हणाली, "मामा, त्यांना घरच्यासारखं जेवू दे. नैसर्गिक असेल तेच टिपायचं." मग रोजचा तो रिवाजच झाला. केंद्रातली आठ-दहा माणसं आधी जेवायची. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक गुडघा उभा करून बसायची आणि एकेकाच्या ताटाकडं बघत राहायची. "तुझं झालं का? घे की अजून. लाजायलास काय?" सगळे उठले की ती आत येऊन अर्धी भाकरी खायची. भाताचं पातेलं खरवडून ती खरवडही खायची, टाकायला नको म्हणून. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू असायची.

आलेख बघून डॉक्टर वेडी व्हायची राहिली होती. इतकी गोल, इतकी पुरी तृप्ती तिनं कुणाचीच बघितली नव्हती. खालच्या बाजूला एक बारीक थरथर होती, सगळ्या जेवणांत. ती यंत्राची खरखर असेल म्हणून आलेखातून पुसून टाकली. नव्वद जेवणं झाली. अक्काला दाता क्रमांक सात असं नाव पडलं. तिला त्याची गंमत वाटली. म्हणाली, "सिद्राम, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं जेवण मोजलं रे."

त्यानंतर सहा महिन्यांनी ती गेली. सकाळी भाकरी थापता थापता बसली ती उठलीच नाही.

तिचा एकुलता एक पोरगा मल्लिनाथ. मल्लू. चोवीस वर्षांचा, पाण्याच्या टाक्यांवरचे स्वयंचलित पंप दुरुस्त करायचा, श्रीनिवास बोल्ली नावाच्या मित्राबरोबर जुळे सोलापुरात खोली करून राहायचा. वजन एकशे अठरा किलो. आमच्या लिंगायतांत देह बसवून फुलांच्या विमानातून, म्हणजे पालखीतून, खांद्यावर नेतात आणि माती देतात. मल्लूनं आईच्या विमानाला खांदा दिला, शंभर पावलं गेला असेल, आणि त्याला धाप लागली. पाय मुडपले. लोकांनी त्याच्या खांद्यावरून दांडी काढून घेतली. राहिलेली वाट तो मागून चालत आला, माझ्या आधारानं.

बाराव्या दिवशी म्हणाला, "मामा, मला तुमच्या केंद्रात नाव घालायचंय."

फुशारकी ही पहिली चूक, आता माझी दुसरी चूक ऐका. कुणाला कुठल्या दात्याची टिकली मिळणार ते यंत्र ठरवायचं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. माणसाला कळूही नये अशी पद्धत. पण टिकल्यांच्या डब्या ठेवायचं कपाट माझ्या कोठीशेजारी होतं. मी मल्लूच्या डबीतली टिकली बदलली. सात नंबरची घातली. मला वाटलं, पोराला आता आईच्या हातचं मिळायचं नाही, निदान तिचं पोट भरल्याचं सुख तरी मिळू दे.

"मामा, हे गुन्ह्यात बसतं," ईश्वरी म्हणाली. तिनं मेथी खाली ठेवली होती.

बसतं. पुढं ऐक.

पहिले दोन महिने सगळं झकास. डॉक्टरनं जे सांगितलं ते मल्लू करायचा. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मूग, दोडका नाहीतर मेथी, दही. पडदा बंद. संध्याकाळी कंबर तलावापर्यंत चालत जायचा. आठवड्याला पाऊण किलो उतरायचं. चेहऱ्यावर तेज आलं. मला म्हणाला, "मामा, पहिल्यांदाच असं वाटायलंय की जेवण संपलं. आधी संपायचंच नाही."

तिसऱ्या महिन्यात त्यानं स्वयंपाक शिकायला सुरुवात केली. मला आनंद झाला. धपाटे, शेंगाची चटणी, भरली वांगी. मी शिकवत गेलो. श्रीनिवासची चंगळ झाली. आधी श्रीनिवास, मग पंपावरचे तिघं, मग शेजारचं एक कुटुंब. रविवारी खोलीवर पंगत. डॉक्टरही म्हणाली, घरचं रांधून खाणं हे सगळ्यात चांगलं.

एका रविवारी मी गेलो. दार उघडं होतं. आत पाच-सहा जण जेवत होते, हसत होते. आणि मल्लू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होता. एक गुडघा उभा. हनुवटी गुडघ्यावर. नजर एका ताटावरून दुसऱ्या ताटावर.

"का बे श्रीनिवास, तुझं झालं का?" तो म्हणाला. "घे की अजून. लाजायलास काय?"

माझ्या हातातली दह्याची बरणी तशीच राहिली. आवाज त्याचाच होता हो, जाडाभरडा, पुरुषाचा. पण 'लाजायलास' वरचा तो झोका नव्हता त्याचा.

श्रीनिवास मला गॅलरीत घेऊन गेला. त्याचा शर्ट पोटावर ताणलेला होता. "मामा, माझं अकरा किलो वाढलं," तो म्हणाला. "नाही म्हटलं की हा उदास होतो. आम्ही जेवलो की याचे डोळे मिटतात. मग आत जाऊन पातेलं खरवडतो आणि तेवढंच खातो. मला भीती वाटायलीय."

मी मल्लूला विचारलं. त्यानं लपवलं नाही. म्हणाला, "मामा, मी जेवलो की काहीच होत नाही. समोरचा जेवला की माझं पोट भरतं. गळ्यापर्यंत भरतं."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरपुढं उभा राहून सगळं ओकलो. डबी बदलल्याचंसुद्धा. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती यंत्राकडं वळली आणि सात नंबरची नव्वद जेवणं परत उघडून बसली. दुपारपर्यंत तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, तृप्ती कधी सुरू होते बघ," ती म्हणाली. पडद्यावर डोंगरासारखी रेघ चढत होती. "इथं त्या उंबऱ्यावर बसल्यात. अजून घास घेतलेला नाही. समोरची माणसं चावतायत, आणि त्यांची नस म्हणतेय, बास. त्या स्वतः जेवायला बसतात तेव्हा रेघ माथ्यावर पोचलेली आहे. आपण समजलो की या नेमकं जेवतात. यांना दुसऱ्याच्या जेवणानं भरल्यासारखं व्हायची सवय लागलेली होती. चाळीस वर्षांची. टिकली तेच शिकली. ती आता दुसऱ्यांचं चावणं ऐकते."

"आणि ही खालची?" मी विचारलं. तिनं पुसलेली थरथर परत आणली होती. डोंगराच्या पायथ्याशी, अगदी बारीक, न थांबणारी.

डॉक्टरनं तो पायथा पडद्यावर मोठा केला. मग म्हणाली, "ती यंत्राची खरखर नव्हती. जठर रिकामं असलं की असं आकुंचन पावतं. भूक आहे ती. नव्वदही जेवणांत आहे. जेवून उठल्यावरही."

चाळीस वर्षं मी माझ्या बहिणीच्या घरी जेवत आलो. प्रत्येक वेळी म्हणालो, अक्का, तुझ्यासारखं जेवण पाहिजे. ती हसायची आणि मला अजून एक भाकरी वाढायची.

ईश्वरीनं डोळे खाली घातले. दुसरी एक पोरगी म्हणाली, "मग टिकली काढून टाकायची ना."

कायदा ठाऊक नाही का तुला? माणसाच्या नसेत वाजणारी गोष्ट त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणालाही बदलता येत नाही, बंद करता येत नाही. डॉक्टरनं मल्लूला बोलावलं, समोर बसवलं, सगळं दाखवलं. मला वाटलं तो कानाला हात घालून ती ओरबाडून फेकेल. तो आलेखाकडं बघत राहिला. मग बोट लावून त्यानं ती खालची थरथर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिरवली.

"मला हे जाणवतं," तो म्हणाला. "पोट भरलेलं असतं आणि खाली काहीतरी खरवडत असतं. पहिल्या आठवड्यातच जाणवलं होतं. मामा, मला कधीच कळलं होतं, ही आई आहे."

"बाळा, ती आई नाही, तिची नोंद आहे."

"आई घरात होती तेव्हा मला हे कधी ऐकू आलं नाही. आता येतंय. काढायला सांगू नका."

त्यानंतर तो केंद्रात यायचा बंद झाला.

पुढचे महिने मी भराभर सांगतो, कारण मला सांगवत नाही. नव्वद किलो. सत्तर. श्रीनिवासला घरच्यांनी परत नेलं, त्याची साखर वाढली होती. पंपावरचे लोक पंगतीला यायचे बंद झाले. जेवायला घालायला मल्लूकडं माणसं उरली नाहीत. एकदा संध्याकाळी मी सात रस्ता चौकातून येत होतो. भज्यांच्या गाड्यापाशी गर्दी. पलीकडं खांबाला टेकून एक म्हातारा उभा होता, सदरा अंगावर लोंबणारा, गालाची हाडं वर आलेली. गाड्यावर एक अनोळखी माणूस भजी खात होता आणि हा त्याच्या जबड्याकडं बघत होता. माणसाचा शेवटचा घास संपला. याचे डोळे मिटले, खांदे सैल पडले. ओठ हलले. मी रस्ता ओलांडेपर्यंत मला ते ऐकू यायला नको होतं, पण आलं.

"झालं का तुझं?"

तो म्हातारा नव्हता. पंचवीस वर्षांचा होता.

मी त्याचं मनगट धरलं. माझ्या दोन बोटांत मावलं. "चल घरी," म्हणालो. तो ओळखीचं हसला, माझ्या बहिणीसारखं, एका बाजूनं. म्हणाला, "सिद्राम, तू जेवलास का?"

मामा म्हणाला नाही. सिद्राम म्हणाला.

ईश्वरीच्या शेजारच्या पोरानंही हातातली मेथी खाली ठेवली.

अकराव्या महिन्यात वजन एक्कावन्न. खोलीवर डॉक्टरनं त्याची छाती तपासली आणि मला बाहेर आणून सांगितलं, हृदयाचा स्नायूच आता खाल्ला जातोय. फार तर आठ-दहा दिवस. दवाखान्यात नेऊन नळीनं अन्न घालता येईल, पण टिकली कानात असेपर्यंत तो नळी उपटणार. त्याच्या तोंडून हो आलं पाहिजे.

आत मल्लू भिंतीला टेकून बसला होता, अकरा वाजताचं ऊन त्याच्या पायांवर. पायांना ऊन लागत असल्याचंही त्याला कळत नसावं. मी समोर बसलो. शपथा घातल्या. रडलो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मामा, मी तिला शेवटपर्यंत खांदा दिला नाही. आता शंभर पावलांवर टाकू का परत?"

मी चादर ओढून त्याच्या पायांवरचं ऊन झाकलं.

आणि तेव्हाच, ऐका, तेव्हाच ते सापडलं. इथंच तुमचा विश्वास बसणार नाही. मला एक्केचाळिसावं जेवण आठवलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, काही नव्हतं, साधा गुरुवार. मल्लू आईला न्यायला केंद्रावर आला होता, गाडी बाहेर लावून. अक्का म्हणाली, आलायस तर जेवून घे. तो पंगतीत बसला. दोन भाकऱ्या, वांगं, आमटी, मागून भात. अक्का उंबऱ्यावरून बघत होती. मी डॉक्टरला म्हणालो, ते जेवण उघडा. तिनं तिथंच हातातल्या पाटीवर उघडलं. आणि त्या एका जेवणात, फक्त त्या एका, डोंगर चढत गेला आणि खालची थरथर थांबली. रेघ सपाट. पोरगा जेवला आणि माझ्या बहिणीचं पोट भरलं, खरोखर, तळापर्यंत. नव्वदांत एकदाच.

मी पाटी मल्लूपुढं धरली. म्हणालो, "बघ. बाकीच्या एकोणनव्वद दिवशी ती उपाशी उठली. या दिवशी नाही. डॉक्टर टिकलीत हे एवढंच जेवण भरतील. मग ती लोकांचं चावणं ऐकणार नाही, तुझंच ऐकेल. तू जेवलास तर ती जेवेल. तू नाही जेवलास, तर तिला कायम उपाशी ठेवलं ते तू. तूच ठरव."

त्यानं सपाट रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलं, असं की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते त्याला सावकाश वाचायचं होतं.

"हो," तो म्हणाला. "आठवतो मला तो गुरुवार."

डॉक्टरनं त्याच्या संमतीचा शब्द टिपून घेतला. टिकली काढली, पाटीवर ठेवली, परत लावली. इतके दिवस उपाशी असलेल्या पोटात एकदम अन्न घातलं तर तेही जिवावर बेततं, म्हणून तिनं चार घास सांगितले होते. मऊ भात, मुगाचं कढण. मी कालवला. त्याला हात उचलवत नव्हता, पण भरवून घेईना. स्वतःच्या बोटांनी त्यानं पहिला घास तोंडात घातला आणि चावत राहिला. किती चावला! डॉक्टर सांगते ना बत्तीस वेळा, त्यानं साठ वेळा चावला असेल. दुसरा. तिसरा. चौथ्या घासानंतर त्यानं पोटावर हात ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "खालचं थांबलं."

मग त्याच दुपारी दवाखाना, महिनाभर थोडं थोडं, चमच्यानं, वाटीनं. आज अठ्ठ्याहत्तर किलो आहे. वर नाही, खाली नाही. भूक लागली की जेवतो आणि भरलं की उठतो. टिकली त्यानं स्वतःच काढून दिली. तर पोरांनो, माझ्या बहिणीनं जन्मात एकदा पोटभर जेवण केलं, ते एक्केचाळिसावं, आणि त्याच एका जेवणावर तिचं पोर...

"खोटं, मामा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात मल्लू उभा होता. बाजारातून केंद्राची भाजी घेऊन आला असावा, दोन्ही हातांत पिशव्या, त्या खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. किती वेळ ऐकत होता कुणास ठाऊक.

"मी आईला न्यायला कधी आलोच नव्हतो," तो म्हणाला. "नव्वद दिवसांत एकदाही नाही. ती बसनं यायची, बसनं जायची. खालची थरथर डॉक्टरनं पुन्हा पुसली होती, आणि माझ्या जिवासाठी तुम्ही दोघं एवढं खोटं रचताय हे बघूनच मी हो म्हणालो. ती टिकली रिकामी होती, मामा, आणि मला ते पहिल्याच घासाला कळलं होतं."